कुत्रं चालतंय का?

सोलापूरला सुटी घालवायला कुणी येत नाही. लोक सोलापूरला उतरतात. उतरून पंढरपूरला जातात, अक्कलकोटला जातात, तुळजापूरला जातात, आणि तरीही श्रद्धा आणि रजा शिल्लक असेल तर गाणगापूरला. मधल्या वेळात शेंगाचटणी आणि दोन चादरी घेतात. आम्ही सोलापूरकरसुद्धा सुटीत महाबळेश्वरला जातो आणि रात्री थंडी वाजली की 'आपली चादर आणायला पाहिजे होती' असं म्हणत हॉटेलची रजई अंगावर ओढतो. त्यामुळे संक्रांत झाल्यावर पुण्याहून साडूचा फोन आला, "यंदा चार दिवस तुमच्याकडे काढावेत म्हणतोय," तेव्हा मी सवयीनं विचारलं, "दर्शन कुठलं?"

"दर्शन नाही हो, रिलॅक्स व्हायचंय. हुरडा वगैरे. शेतातच राहू कुठंतरी. फक्त जागा फॅमिली फ्रेंडली पाहिजे आणि डॉग फ्रेंडली पाहिजे. कॅस्पर येतोय."

कॅस्पर म्हणजे साडूचा लॅब्रॅडॉर. रंग सायीचा, वजन अडतीस किलो. त्याला त्या घरात 'कुत्रा' म्हणत नाहीत. मेहुणीच्या बोलण्यात तो 'आमचा धाकटा' असतो. थोरली म्हणजे सातवीतली मुलगी. मी एकदा बोलता बोलता 'तुमचं कुत्रं' म्हणून गेलो होतो. त्या वर्षी दिवाळीचा फराळ आमच्याकडे पोचला नाही.

वंदे भारतनं या, असं मी सुचवलं. २०२३च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाल्यापासून आम्ही सोलापूरकर ती पाहुण्यांना आपल्याच परसातली असल्यासारखी दाखवतो. पण त्या गाडीत आहेत खुर्च्या, आणि रेल्वेत कुत्रा बरोबर बसवायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागतं. मेहुणी म्हणाली, "मग ह्यांना पेटीत बसवू." ठरलं असं, की मोटारीनं यायचं.

जागा शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी शहरातल्या दोन-तीन लॉजवर चौकशी केली. इथं पहिली अडचण भाषेची. आपल्याकडे 'फॅमिली' या शब्दाला ठाम अर्थ आहेत. 'फॅमिली गावाला गेलीय' म्हणजे बायको माहेरी गेलीय. हॉटेलातली 'फॅमिली रूम' म्हणजे मळकट पडद्याआडचं टेबल, जिथं बसलं की वेटर पुन्हा दिसत नाही. 'बार अँड फॅमिली रेस्टॉरंट' म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तेव्हा "फॅमिली फ्रेंडली आहे का?" या प्रश्नावर एका मॅनेजरनं खालच्या आवाजात "लग्नाचा पुरावा लागेल" असं सांगितलं. "आणि कुत्रा?" म्हटल्यावर तो म्हणाला, "त्याचं आधार कार्ड आहे का?" तो चेष्टा करत होता की नियम सांगत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शेवटी बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यानं मोहोळकडच्या एका वस्तीचा नंबर दिला. आमच्या जिल्ह्यात शेतकरी गावात राहत नाही, रानात राहतो; त्या रानातल्या घराला वस्ती म्हणतात. गाव विचारलं की माणूस तालुक्याचं नाव सांगतो, आणि पत्ता विचारला की 'डांबरी सोडा अन् कुत्री भुंकतील तिकडं वळा' असं सांगतो. या वस्तीच्या मालकानं, म्हणजे अण्णांनी, ज्वारीच्या कडेला चार खोल्या बांधल्या होत्या. राज्य सरकारनं २०२०मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून घरात पाहुणे येणं हा खर्च नसून व्यवसाय आहे, असं त्यांना कळलं होतं. मी फोन केला.

"अण्णा, कुत्रं चालतंय का?"

"चालतंय की. पळतंय बी."

"तसं नव्हे. आमच्या पाहुण्यांचं कुत्रं आहे. ते तुम्हाला चालेल का?"

पलीकडे जरा शांतता. "आमाला काय हुतंय? आमची तीन हायती. ती तुमाला चालत्यात का बघा. तुमाला म्हंजे, त्या पावण्या कुत्र्याला."

साडूनं व्हॉट्सअॅपवर प्रश्नांची यादी धाडली होती. ती मी अण्णांना वाचून दाखवली. आवाराला कुंपण आहे का? "हाय की, बाभळीचं. काटं लागत्यात म्हणावं." कुत्र्याला पोहायला जागा? "हीर हाय. पोहता येतंय न्हवं? न्हाईतर पाठीला डबा बांधू." झोपायला वेगळी गादी? यावर अण्णांनी फोन बाजूला धरून घरात कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं, आणि मग बायकांचं बराच वेळ हसणं. जवळ डॉक्टर? "हाय. पर त्यो म्हशी बघतोय." मी साडूला कळवलं : सगळं आहे.

ते आले शनिवारी, भिगवणला मासे खाऊन आणि उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघून. म्हणजे माणसांनी बघून. कॅस्परनं काचेतून पाहिलं ते हॉटेलचं स्वयंपाकघर. चहापाणी उरकून आम्ही दोन गाड्यांतून निघालो. पुणे रस्त्यावर बाळे लागलं तशी आमच्या हिनं खंडोबाला हात जोडले आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. अडतीस वर्षं मी या जिल्ह्यात नोकरी केली, पण हा जिल्हा डॉग फ्रेंडली आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खंडोबाच्या बरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे वाघे स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतात. कोटंब्यात वाढलेलं कुत्र्यासारखं खाण्याची रीतही त्यांच्यात होती. अक्कलकोटच्या स्वामींना लोक दत्ताचा अवतार मानतात, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री, तीही साधीसुधी नव्हेत, चार वेद. पंढरपुरात तर नामदेवांची कथा लहान पोरालाही ठाऊक आहे : कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. मेहुणी आजही कॅस्परमागं तशीच धावते. फक्त तिच्या हातात तुपाऐवजी कॅल्शियमचं सिरप असतं.

देवांचं आणि संतांचं हे असं. भाषेचं मात्र उलटं. मराठीत कुत्र्याला एक चांगला शब्द नाही. हाल होतात ते कुत्र्यासारखे. शेपूट नळीत घालतात ते त्याचं, आणि वाकडं राहिलं तर नाव त्याचंच. ज्याला कुणी विचारत नाही त्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही. पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंब्या, त्याही कुत्र्याच्या छत्र्या. बंगल्याच्या फाटकावर मराठी माणूस दोनच गोष्टी लिहितो : स्वतःची पदवी, आणि 'कुत्र्यापासून सावध रहा'. आत कुत्रा नसला तरी पाटी असते. आमच्या सोसायटीत तर एक गृहस्थ आहेत, त्यांच्या बाबतीत पाटी खरी आहे, पण कुत्रा नाही.

वस्तीवर पाटी नव्हती. गरज नव्हती. डांबरी सोडून आम्ही वळलो आणि तिघं समोर आले. वाघ्या आणि खंड्या हे दोघे गावठी, मातकट, कान अर्धे मोडलेले; आणि त्यांच्या मागं, घाई न करता, राणी. ही कारवानी. आमच्या भागात, सांगलीकडं आणि खाली कर्नाटकात मुधोळपर्यंत ही जात दिसते : लांब तोंड, बारीक कंबर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली होती असं सांगतात. २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाऊंडही होता. राणीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण बघत मात्र ती तशीच होती, तिकिटावरून बघितल्यासारखी.

गाडीचं दार उघडलं. कॅस्परनं एक पाय खाली टाकला, तिघांकडं पाहिलं आणि तो पाय परत आत घेतला. साडू म्हणाला, "तो सोशलाइज व्हायला जरा वेळ घेतो." खंड्या पुढं आला, चाकावर पाय वर करून त्यानं गाडीची नोंद केली आणि मागं सरकला. वाघ्यानं दुसरं चाक घेतलं. चार मिनिटांत गाडी वस्तीच्या दप्तरी जमा झाली. मग कॅस्पर उतरला, पहिल्याच फटक्यात पाठीवर पडला आणि चारी पाय वर करून त्यानं सर्व हक्क सोडून दिले. राणीनं त्याला एकदा हुंगलं. विषय संपला. आपल्याकडं दोन साडूंची पहिली भेट होते तेव्हा पगार, प्लॉट आणि गाडीचं मॉडेल एवढं सगळं हुंगून होईपर्यंत तीन दिवाळ्या जातात.

अण्णांच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावून कॅस्परकडं निरखून पाहिलं आणि मेहुणीला मायेनं विचारलं, "गाभण हाय व्हय गं? कितवा म्हैना?"

मेहुणी बराच वेळ काही बोलली नाही. साडू म्हणाला, "मेल आहे तो." आजींना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी सुनेला हाक मारून पावण्या कुत्रीला भाकरी-दूध द्यायला सांगितलं. चार दिवस आजींनी त्याचं डोहाळजेवण चालू ठेवलं.

फॅमिली फ्रेंडलीचा भाग तसा थोडक्यात आटोपला. भाचीनं रेंज कुठं येते विचारलं. अण्णा म्हणाले, "त्या लिंबाखाली उभारा. खाली न्हाई, पलीकडल्या अंगाला. आता एक पाय दगडावर ठिवा." ती तशी उभी राहिली, रेंज आली, आणि फोटो काढून तिनं तो तिथूनच मैत्रिणींना पाठवला. पुढचे चार दिवस ती दगडावर दिवसातून दोनदा जायची, देवाला गेल्यासारखी. बाकी वेळ वासरापाशी.

हुरडा मात्र सविस्तरच सांगायला हवा. खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवलेल्या असतात, ती आगटी. निखाऱ्यात कोवळी कणसं खुपसायची, भाजली की गरम गरम हातावर चोळायची आणि फुंकर मारून ते हिरवे मऊ दाणे ताटात टाकायचे. हुरड्याला गुळभेंडीसारखी गोड ज्वारी वेगळी लावतात. भाकरीची ती मालदांडी. ही आमची मालदांडी, कागदोपत्री एम ३५-१, मोहोळच्याच संशोधन केंद्राची निवड. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरच्या चादरीला आहे, डाळिंबाला आहे. आमच्या उन्हाला अजून मिळालेलं नाही. अर्ज करायला दुपारी बाहेर कोण पडणार?

आगटीभोवती आम्ही बसलो तेव्हा वाघ्या, खंड्या आणि राणी वाऱ्याच्या अंगाला बसली होती, धूर डोळ्यांत जाणार नाही अशी. आम्ही सगळे धुरात. कॅस्पर आमच्यात, कारण तो फॅमिली. अर्ध्या तासानं डोळे पुसत तो उठला आणि पलीकडं राणीशेजारी जाऊन बसला. मेहुणीला ते जरा लागलं. अण्णा कणीस चोळता चोळता म्हणाले, "शाणं हाय. तुमी बी तिकडं सरका की."

हुरड्याबरोबर शेंगाचटणी, लसणाची चटणी, गूळ, दही आणि नंतर ताक. साडूनं कॅस्परसाठी पुण्याहून त्याचं खाणं आणलं होतं, निळ्या पिशवीत, मोजायच्या कपासकट. शिवाय दातांच्या आरोग्यासाठी चघळायच्या कांड्या. एका कांडीची किंमत त्यानं सांगितली तेव्हा अण्णांनी चोळायचं थांबवून पिशवी हातात घेऊन बघितली. मग ते आत गेले आणि कडक भाकरी घेऊन आले.

सोलापूरबाहेरच्या माणसाला कडक भाकरी समजावून सांगणं अवघड आहे. ती ज्वारीची किंवा बाजरीची, पातळ थापून अशी वाळवलेली असते की महिनाभर टिकते, आणि खाताना शेजारच्या घरात कळतं. आमच्याकडं ती आमटीत कुस्करतात, दह्याबरोबर खातात, नुसती चटणी लावूनही खातात, आणि कवळी नवी असेल तर खात नाहीत. अण्णांनी चार भाकऱ्या चार कुत्र्यांपुढं टाकल्या. कॅस्परनं ती आधी उलटी केली, मग सुलटी केली. मग राणीचं बघून पंजाखाली धरली आणि कडेनं फोडायला घेतली. कडाम्, कुडूम् असा आवाज सुरू झाला. वीस मिनिटं तो कुणाकडंही बघत नव्हता. संपल्यावर त्यानं ज्या नजरेनं साडूकडं पाहिलं, तशा नजरेनं माणूस सात वर्षं भलत्याच दुकानात किराणा भरत होतो असं कळल्यावर दुकानदाराकडं बघतो. कांडी पुढं केली, तर ती त्यानं हुंगून खंड्याला दिली. खंड्यानं ती पुरली. अजून तिथंच असेल.

रात्री गादीचा प्रश्न आला. अण्णांच्या सूनबाईंनी जुनी सोलापुरी चादर चौघडी करून दिली. मेहुणीला वाटलं, हा फाडेल. त्यानं प्रयत्न केला, तासभर केला. चादरीवरच्या मोराची एक दशीसुद्धा हलली नाही. ही चादर म्हणजे घरातल्या कर्त्या माणसासारखी असते : अंगावर खरखरीत, धुवायला काढली तर पिळायला दोघं लागतात, पण दोन पिढ्या तिच्याखाली निघतात. शेवटी कॅस्परनं हार मानली आणि तिच्यावर झोपला. सगळं सुरळीत झालं म्हणून आम्हीही झोपलो.

दोनच्या सुमारास कालवा उठला. घरात चोर शिरला असं आधी वाटलं. चोर नव्हे, लाईट आली होती. आमच्या शेतकऱ्याच्या मोटारीला थ्री फेजची लाईट एक आठवडा दिवसा मिळते तर एक आठवडा रात्री, आणि तो आठवडा रात्रीचा होता. अण्णा बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी धरायला निघाले. त्यांच्या मागं वाघ्या, खंड्या, राणी, रोजच्या पाळीला निघाल्यासारखे. आणि त्यांच्या मागं, साखळी ओढत, कॅस्पर. खिडकीतून आम्ही फक्त पांढरा ठिपका उसात शिरताना पाहिला.

साडू चपलेविना धावला. मी चप्पल शोधण्यात शक्य तेवढा वेळ घालवला. मेहुणी "कॅस्पर, कम हिअर बेबी" म्हणून हाका मारत होती. त्या हाकेला लांबच्या तीन वस्त्यांवरच्या कुत्र्यांनी ओ दिली, पण बेबीनं दिली नाही. तिनं रडायला सुरुवात केली तशा आजी पांघरुणातूनच म्हणाल्या, "यील की. बाईमाणसाला रानात जावंसं वाटतंय अशात."

अण्णा चारला परतले, बरोबर तीन कुत्री. चौथं? "आमच्याबरुबरच हुतं की. पाणी बारं देऊस्तवर बांधावर बसलं हुतं. मग थंडी वाजाया लागली, तवा आलं असंल माघारी."

उजाडल्यावर सापडला. आगटीत. रात्रीची राख अजून कोमट होती, आणि गावठी कुत्र्याला थंडीत जे जन्मतः कळतं ते याला त्या रात्री कळलं होतं. कुशीला वाघ्या होता. सायीच्या रंगाचा लॅब्रॅडॉर नखशिखांत राखाडी झाला होता, फक्त डोळे आणि जीभ तेवढी मूळची. गोदावरीवरून नुकत्याच आलेल्या साधूसारखा. साडूनं जवळ घ्यायला हात पुढं केला, तर त्यानं अंग झाडलं. साडूचाही रंग बदलला.

तिसऱ्या दिवशी साडूला नान्नजचं अभयारण्य बघायची हुक्की आली, कॅस्परसह. इथं मात्र मी एरवी नसतो तितका कडक झालो. नान्नज माळढोकाचं. १९७९ साली हे अभयारण्य झालं. माळढोक घरटं बांधत नाही. उघड्या माळावर अंडं घालतो, बहुधा एकच. एवढा मोठा पक्षी, आणि आता तिकडं दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. तिथं लांडगे आहेत, काळवीट आहेत, त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब माहीत आहे. त्यात मोकाट कुत्र्यांची भर नको आणि मोटारीतून आलेल्याची तर नकोच. सगळा जिल्हा कुत्र्याला मोकळा आहे, एवढा एक माळ त्या पक्ष्याला राहू द्या, असं मी म्हणालो. साडू आश्चर्यानं बघतच राहिला. मग आम्ही कॅस्परला वस्तीवर ठेवून गेलो. त्याला विचारलं होतं. तो खंड्याबरोबर उकिरडा उकरत होता, त्यानं मान वर केली नाही.

निघताना हिशेब झाला. माणशी इतके, मुलीचे निम्मे. साडूनं विचारलं, "आणि कॅस्परचे?"

"त्याचं काय घ्याचं? रात्री पाण्यावर आलतं." अण्णांनी वहीत बघितलं. "उलट त्याचंच दोन पाळ्यांचं निघतंय." आणि त्यांनी कडक भाकरीची चळत कागदात बांधून दिली. आजींनी मेहुणीच्या ओटीत खण-नारळ घातला आणि कानात सांगितलं, पिल्लं झाली की कळव, एक मला ठेव.

त्यानंतर पुण्याहून दर महिन्याला भाकऱ्यांची मागणी येते. मी पाठवतो. यंदा मार्गशीर्ष लागला तसा साडूचा फोन आला, हुरड्याचं बघा म्हणून. मी अण्णांना लावला.

"जागा न्हाई ओ. जानेवारी सरूस्तवर चारी खोल्या गेल्या."

"मग आमच्या पाहुण्यांचं कसं?"

"तुमच्या पावण्यांची सोय न्हाई व्हायची." मग जरा थांबून म्हणाले, "त्याला पाठवा की पर. त्याला कुठं खोली लागतीया?"

मी हे शब्दशः साडूला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मागं मेहुणी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मग त्यानं घसा खाकरला.

"त्यांना एवढं विचारा ना," तो म्हणाला, "बरोबर माणसं चालतात का?"